विश्लेषण : शोकेस सजवणाऱ्या हातांना ‘डिझाइन’चे पैसे का मिळत नाहीत? बुलढाण्यात या कामाचे करिअर होऊ शकते का?

दसरा-दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकरच्या बाजारपेठांत शोकेस सजू लागतात. दागिन्यांचे आणि साड्यांचे फोटो व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामवर फिरतात. मोठ्या शहरांत या कामाला ‘व्हिज्युअल मर्चंडायझिंग’ आणि ‘प्रॉप स्टायलिंग’ म्हणतात, त्यासाठी वेगळा माणूस नेमला जातो. तालुक्याच्या गावात मात्र तेच काम ‘डेकोरेशन’ या एका शब्दात आणि मजुरीच्या दरात उरकले जाते. कौशल्य असूनही करिअर का उभे राहत नाही आणि ते उभे राहायला काय लागेल, याचा हा आढावा.

दोन्ही कामांत फरक काय?

व्हिज्युअल मर्चंडायझिंग म्हणजे विक्री वाढावी म्हणून दुकानात केलेली मालाची मांडणी. शोकेसमध्ये कोणता माल पुढे ठेवायचा, पुतळ्याला काय नेसवायचे, प्रकाश कुठून सोडायचा, ग्राहक आत आल्यावर कोणत्या बाजूला वळेल, भावाची पाटी कुठे लावायची, हे सगळे त्यात येते. ही मांडणी चालत्या माणसासाठी असते. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर दोन-तीन सेकंदच थांबते, तेवढ्यात एकच गोष्ट ठसली पाहिजे.

प्रॉप स्टायलिंग कॅमेऱ्यासाठी असते. फोटोतल्या वस्तूच्या आजूबाजूचे ताट, कापड, लाकडी फळी, फुले, पार्श्वभूमीचा रंग निवडणे हे त्यातले काम. तिथे एकाच कोनातून दिसणारी चौकट महत्त्वाची असते. पहिल्या कामात सुताराची आणि इलेक्ट्रिशियनची समज लागते, तर दुसऱ्यात छायाचित्रकाराची.

हे काम आपल्याकडे नवे आहे का?

नाही. अमेरिकेत एल. फ्रँक बॉम या लेखकाने १८९७ मध्ये दुकानांच्या खिडक्या सजवण्यावर स्वतंत्र मासिक काढले. पुढे ‘विझार्ड ऑफ ओझ’ लिहिणारा तो हाच. सप्टेंबर २०२५ मध्ये निधन झालेले जगप्रसिद्ध फॅशन डिझायनर जॉर्जिओ अरमानी यांनीही सुरुवात मिलानमधील एका मोठ्या दुकानाच्या शोकेस सजवण्यापासून केली होती.

बुलढाण्याच्या लोकांना जवळचे उदाहरण शेजारच्या जळगाव जिल्ह्यात सापडते. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. महात्मा गांधींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथली सजावट केली. बांबूसारखे आसपास मिळणारे साहित्य आणि गावकऱ्यांचे हात यांतून अधिवेशनाची नगरी उभी राहिली. मात्र काय, कुठे आणि का ठेवायचे हे ठरवणारी नजर चित्रकाराची होती. साहित्य स्वस्त असले तरी कल्पनेची किंमत कमी होत नाही, हा त्यातला मुद्दा आजही लागू आहे.

मग चर्चा आताच का?

त्याची तीन कारणे आहेत. पहिले, मोबाइलवरची खरेदी आणि साखळी दुकाने. मोठ्या ब्रँडच्या दुकानांत मांडणीचा आराखडा मुख्य कार्यालयातून येतो, त्यामुळे शेजारचे पिढीजात दुकान ग्राहकाला अचानक जुनाट वाटू लागते.

दुसरे कारण थर्माकोलबंदी. राज्य सरकारच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत प्लास्टिकसोबत सजावटीच्या थर्माकोललाही बंदी घालण्यात आली. त्यामुळे कागद, पुठ्ठा, बांबू, कापड यांत काम करणाऱ्यांना जागा तयार झाली.

तिसरे कारण समृद्धी महामार्ग. मेहकर, सिंदखेड राजा भागांतून जाणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाला. त्यामुळे इथल्या कारागिराला नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर जवळ आले. तसेच तिथल्या सजावट कंपन्यांनाही बुलढाणा जवळ आला. स्थानिकांनी जागा घेतली नाही तर ती बाहेरचे घेतील.

खामगावच्या चांदीला याचा काय उपयोग?

खामगावची ओळख ‘रजतनगरी’ अशी आहे. आणि चांदी मांडणे हे या व्यवसायातील अवघड काम मानले जाते. चांदी आरशासारखी असते. समोरची ट्यूबलाइट, छायाचित्रकाराचा शर्ट, रस्त्यावरची गाडी, सगळे तिच्यात दिसते. म्हणून थेट दिवा न सोडता पांढऱ्या कापडातून किंवा ट्रेसिंग पेपरमधून गाळलेला प्रकाश वापरतात. सोन्याला पिवळसर प्रकाश खुलवतो, चांदीला पांढरा. दोन्ही एकाच शोकेसमध्ये एकाच दिव्याखाली ठेवले तर एक नक्की फिके पडते.

शिवाय चांदी गंधकाच्या संपर्काने काळवंडते. लोकर, रबर आणि काही प्रकारचे रंग, पुठ्ठे यांतून गंधकाची संयुगे बाहेर पडतात. शोकेसमध्ये दिसायला सुंदर म्हणून लोकरीचे कापड अंथरले, तर बंद काचेआड काही दिवसांत माल पुन्हा पॉलिश करावा लागतो. त्याऐवजी धुतलेले सुती कापड वापरणे सुरक्षित. हे जाणणारा माणूस सराफाचे पैसे वाचवतो. म्हणजेच तो नुसता ‘डेकोरेशनवाला’ नसतो.

पैसे नेमके कुठे अडतात?

छोट्या बाजारपेठेत साधारणपणे साहित्य, मजुरी आणि कल्पना यांचा एकच आकडा सांगितला जातो. हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. दिवाळीच्या एका शोकेसचे काम १४ हजार रुपयांत ठरले. साहित्याला ६ हजार, सुतार आणि इलेक्ट्रिशियनला ४ हजार, वाहतुकीला १ हजार गेले. उरले ३ हजार. दुकानाची पाहणी, रेखाचित्र, खरेदी, रात्री दुकान बंद झाल्यावर उभारणी आणि सणानंतर उतरवणे, असे पाच दिवस धरले तर रोज पडतो ६०० रुपये. मालकाने ऐनवेळी दोनदा बदल सांगितले की तोही राहत नाही.

शहरांतील व्यावसायिक तीन आकडे वेगळे लिहितात : डिझाइनचे शुल्क, उभारणीचा खर्च आणि प्रॉपचे भाडे. किती बदल मोफत आणि त्यानंतर किती, हेही आधीच नमूद असते. बांबूच्या चौकटी, स्टँड, पाट, पितळी भांडी विकण्याऐवजी भाड्याने दिली तर ४ हजारांची वस्तू हजार रुपये भाड्याने चार दुकानांत फिरली की तिची किंमत वसूल होते. पुढच्या भाड्यातून देखभाल वजा जाता कमाई उरते. बिछायत केंद्रे वर्षानुवर्षे याच पद्धतीवर चालतात. फरक इतकाच की इथे भांड्यांसोबत कल्पनाही भाड्याने जाते.

शिक्षण कुठे आणि किती लागते?

नवी मुंबईच्या खारघरमधील ‘निफ्ट’मध्ये फॅशन कम्युनिकेशन हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात मांडणी आणि स्टायलिंग दोन्ही शिकवले जाते. शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून रक्कम काही लाखांत जाते. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कला महाविद्यालयांतील उपयोजित कला हा तुलनेने परवडणारा मार्ग. शाळेत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिलेल्यांचा हात त्यासाठी आधीच बसलेला असतो.

पदवीशिवायही वाट आहे. आयटीआयमधील सुतारकाम, वेल्डिंग किंवा इलेक्ट्रिशियनचे प्रशिक्षण या व्यवसायाचा निम्मा पाया घालते. उरलेला निम्मा, म्हणजे रंगसंगती, प्रमाण आणि मोजमापाचे रेखाचित्र, सरावातून येतो. पदवी असो वा नसो, काम देणारा आधी कामाचे फोटो पाहतो. त्यामुळे प्रत्येक शोकेसचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो, मापे आणि खर्च नोंदवलेली वही हेच या क्षेत्रातले प्रमाणपत्र.

सरकारी आधार मिळतो का?

थेट या नावाने योजना नाही, पण आडवाटेने मिळतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील १८ व्यवसायांत सुतार, कुंभार, मूर्तिकार, टोपली-चटई विणणारे, मालाकार, शिंपी येतात. प्रॉप बनवणारे हात हेच. पात्र कारागिराला अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत विनातारण कर्जाची तरतूद आहे.

थकबाकी हा दुसरा प्रश्न. ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे ग्राहक व्यावसायिकावर कायद्याने बंधनकारक आहे. नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. पण काम तोंडी ठरले, बिल नाही, तर दाद मागणे अवघड जाते. बाजारपेठेतील ओळखीपाळखीमुळे कागद करायला संकोच वाटतो आणि नुकसान तिथेच होते.

‘एआय’मुळे हे काम संपेल का?

फोटोची पार्श्वभूमी आता मोबाइलवर काही सेकंदांत बदलता येते. त्यामुळे साध्या कॅटलॉग फोटोंचे स्टायलिंग कमी होणार, हे मान्य करावे लागेल. मात्र दागिन्यात ‘एआय’ने नक्षी किंचित बदलली तरी ग्राहकाला मिळणारी वस्तू आणि फोटो वेगळे पडतात, आणि वाद दुकानाच्या दारात येतो. खऱ्या शोकेसमध्ये तर खिळा कुणीतरी ठोकावाच लागतो. नव्याने येणाऱ्याने केवळ फोटोंवर अवलंबून न राहता दुकानातील मांडणी हा मुख्य आधार ठेवणे शहाणपणाचे.

वर्षभर काम मिळेल का?

हीच खरी अडचण. गणेशोत्सव, नवरात्र, कोजागिरीपासून भरणारा खामगावचा जगदंबा उत्सव, दिवाळी आणि मग लग्नसराई, असा कामाचा हंगाम असतो. पावसाळ्याची सुरुवात कोरडी जाते. शिवाय जिल्ह्याचा बाजार सोयाबीन-कापसावर चालतो. पीक हातचे गेले की दुकानदार सर्वात आधी सजावटीचा खर्च कापतो.

यावर उपाय म्हणजे सणागणिक काम न घेता दहा-बारा दुकानांशी वर्षाचा करार करणे : ठरावीक मासिक रकमेत दर महिन्याला शोकेस बदलायची, सणाचे मोठे काम वेगळे. अकोला आणि जळगावच्या बाजारपेठा जोडल्या तर एका तालुक्याच्या पिकावरचे अवलंबित्व कमी होते. दुकानदारासाठीही हिशेब सोपा आहे. मांडणी बदलण्याआधीचा महिना आणि नंतरचा महिना यांत शोकेसमधील मालाची विक्री किती झाली, एवढे दोन आकडे वहीत लिहिले की डिझाइनचे पैसे द्यायचे की नाहीत, हे त्याला स्वतःच ठरवता येईल.