गुण मिळतात, तास कुठे आहे?

दहावीचा निकाल लागला की शास्त्रीय गायन-वादनाच्या वाढीव गुणांची चर्चा सुरू होते. मान्यताप्राप्त संस्थांच्या संगीत परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना हे गुण मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. त्यामागे वर्षानुवर्षांचा रियाज असतो. प्रश्न आहे शाळेचा. मुलांना शिकवलं क्लासने, फी भरली पालकांनी, तबला आणला घरच्यांनी. ज्या घराला हे झेपत नाही, तिथल्या मुलीचे कान कितीही तयार असोत, तिच्या वाट्याला ना गुण येतात, ना गाणं.

ही दरी बुजवण्याचं काम आपल्याच माणसांनी सुरू केलं होतं. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि शास्त्रीय संगीताची शाळा सर्वसामान्यांसाठी उघडली. भातखंड्यांनी बंदिशी जमवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकं लिहिली. त्यामुळे गाणं वर्गात, क्रमाने शिकवता येऊ लागलं.

नववीच्या वर्गात हा विषय कसा रंगू शकतो, बघा. भूप आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर तेच: सा रे ग प ध. फळ्यावर लिहिले तर फरक दिसत नाही. बाईंनी आधी गंधारावर थांबत भूप गावा, मग धैवताला मान देत देशकार. तिसऱ्यांदा नाव न सांगता गावं आणि विचारावं, "कुठला राग? कशावरून?" त्या 'कशावरून'चं उत्तर शोधताना मुलं पुन्हा ऐकतील, वाद घालतील, पुरावा देतील. तीनतालात एकाने सोळा मात्रा हातावर मोजायच्या, नवव्या मात्रेला खाली दाखवायची आणि दुसऱ्याने गात समेवर यायचं. यात दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय गत्यंतरच नाही.

"सगळ्यांना कुठे गळा असतो?" असं पालक म्हणतात. ऐकायला गळा लागत नाही. आणि उद्याचा श्रोता शाळेत घडला नाही, तर उद्याचा गायक गाणार कोणापुढे?

सीबीएसईत नववी-दहावीला हिंदुस्थानी संगीत रीतसर विषय म्हणून घेता येतं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही कला आणि विज्ञान यांत भिंत नको म्हणतं. आपल्याकडे मात्र अनेक शाळांत संगीत शिक्षक निवृत्त झाले की जागा रिकामीच राहते, त्यांचा तास गणिताला जातो आणि पेटी स्नेहसंमेलनापुरती कपाटाबाहेर निघते.

म्हणून मागणी साधी आहे. आठवी-नववीला आठवड्यातून दोन तास संगीताचे असावेत, पूर्ण पगाराचा शिक्षक असावा आणि परीक्षेत गाण्या-वाजवण्याइतकंच ऐकण्यालाही महत्त्व असावं. वाढीव गुण खुशाल राहू देत. पण ज्या शाळेत शिकवलं जात नाही, तिथे ते गुण पालकांच्या ऐपतीला मिळतात, हे शिक्षण खात्याने मान्य करावं आणि रिकाम्या जागा भरायला घ्याव्यात.