चायनीज घरी करा, पण हळद टाकू नका!

रविवारी रात्री मेस बंद. पुण्यात बाहेरगावाहून येऊन राहणाऱ्या प्रत्येकाला या वाक्याचा अर्थ माहीत आहे. मग आपण काय करतो? गाडीवर जातो. एक ट्रिपल शेजवान, एक मंचुरियन ड्राय आणि वर ती लालभडक चटणी. मीही जाते. त्यामुळे 'गाडीवरचं खाऊ नका' असा उपदेश पुढे येणार असं वाटत असेल, तर निर्धास्त राहा.

झालं असं, की आम्ही फ्लॅटमधल्या चौघींनी एका रविवारी घरीच चायनीज करायचं ठरवलं. आमच्यातली एक इंफाळची आहे. मी तिला अगदी सहज म्हणाले, ''तुला तर येतच असेल ना?'' ती दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ''मी मणिपूरची आहे. तू महाराष्ट्राची आहेस म्हणून तुला पंजाबी येत असेल, असं मी कधी म्हटलं का?''

स्टिरिओटाइप या विषयावर मी कॉलेजात सेमिनार दिलाय. मार्कही चांगले पडलेत. आणि तोंडातून निघालं हे!

सॉरी म्हणून झालं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. चीनमधली माणसं रोज घरी काय जेवतात, हे मला अजिबात माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे? आपल्याकडे त्यांच्या खाण्याबद्दल दोनच गोष्टी असतात : एक गाडीवरचा मेन्यू आणि दुसरी व्हॉट्सअॅपवर फिरणारे किळसवाणे व्हिडिओ.

त्यातला गाडीवरचा मेन्यू तर आपलाच आहे. चिकन मंचुरियनचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांना दिलं जातं. 1975 मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना आलं-लसूण-हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर एकत्र करून त्यांनी तो पदार्थ केला, असं सांगतात. म्हणजे मंचुरियन मुंबईकर. तरीही 2020 च्या जूनमध्ये गलवानच्या संघर्षानंतर केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर बंदी घाला म्हटलं होतं. नुकसान कोणाचं झालं असतं? गाडी लावणाऱ्या आपल्याच पोरांचं.

मग चीनमधल्या घरात काय शिजतं? व्हिडिओ पाहिले, फुक्शिया डनलॉप या ब्रिटिश लेखिकेचं 'एव्हरी ग्रेन ऑफ राइस' हे घरगुती चिनी स्वयंपाकाचं पुस्तक चाळलं. सगळीकडे एक पदार्थ भेटत राहिला : टोमॅटो-अंडं आणि भात. आपल्या वरण-भाताइतका साधा. तिकडची कितीतरी पोरं स्वयंपाकाची सुरुवात यापासूनच करतात.

2017 मध्ये एका चिनी बँकेची यावरची जाहिरात तिकडे प्रचंड गाजली होती. अमेरिकेत शिकायला गेलेला मुलगा मित्रांसाठी टोमॅटो-अंडं करायला घेतो आणि अडतो. आईला मेसेज करून विचारतो, आधी अंडं टाकायचं की टोमॅटो? शेवटी आईबाबा स्वतः करून दाखवतात आणि व्हिडिओ पाठवतात. पदार्थ जमतो, मित्र खूश. नंतर त्याच्या लक्षात येतं, की तिकडे तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. काही लोक ढसाढसा रडले, काहींनी 'एवढा घोडा झाला तरी अंडं येत नाही' म्हणून त्या मुलाला झोडपलं. मी रडणाऱ्यांतली. भाताला पाणी किती, हे मी अजून आईला फोन करून विचारते.

तर उत्तर असं, की आधी अंडं. तीन जणांसाठी चार अंडी मीठ घालून फेटा. तेल जरा सढळ हाताने घ्या आणि चांगलं तापू द्या. अंडं टाकलं की फुगतं. ते मऊ असतानाच बाहेर काढा. त्याच कढईत तीन-चार पिकलेले टोमॅटो, मीठ आणि चमचाभर साखर. टोमॅटो दाबत राहा, रस सुटला पाहिजे. मग अंडं परत आत, वर पातीचा कांदा. संपलं. दहा-पंधरा मिनिटं, एक कढई, एक इंडक्शन.

अवघड काय आहे सांगू? हात आवरणं. पहिल्या वेळी माझा हात आपोआप हळदीच्या डब्यात गेला, मागोमाग मिरची, आणि जे झालं ती भुर्जी होती. छान होती, पण भुर्जी. दुसऱ्या वेळी मसाल्याचा डबा मैत्रिणीने कपाटात ठेवून दिला. सोबत बासमती नको, इंद्रायणी लावा. मावळातला हा चिकट तांदूळ त्या रसाला बरोबर धरून ठेवतो.

अंडं खात नसाल तर बटाटा घ्या. आपल्या काचऱ्यांहून बारीक, काडेपेटीच्या काडीसारखा चिरा, पाण्यात दोन-तीनदा धुवा, म्हणजे स्टार्च निघून जातो. गरम तेलात सुकी मिरची, बटाटा, मीठ, शेवटी व्हिनेगर. तीन-चार मिनिटांच्या वर ठेवायचा नाही, तो किंचित कुरकुरीतच राहायला हवा. आईला सांगितलं तर म्हणाली, ''कच्चा ठेवलास म्हण की.''

हे करताना आपल्या ओळखीचं किती काही सापडतं! टोमॅटो चीनमध्येही बाहेरूनच आला. त्याच्या एका चिनी नावाचा अर्थच 'परदेशी वांगं' असा आहे. आमच्या विदर्भात आजी त्याला भेदरं म्हणते. आजारी माणसाला तिकडे तांदळाची पातळ खिमट देतात, म्हणजे कोकणातली पेजच. आणि खऱ्या सिचुआन जेवणात जीभ बधिर करणारे जे दाणे असतात, ते आपल्या तिरफळाचे सख्खे नातेवाईक. गाडीवरच्या शेजवान चटणीत ते शोधून सापडणार नाहीत, मालवणच्या बांगड्याच्या कालवणात मात्र त्यांचा भाऊबंद भेटेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की 'घरी चायनीज' म्हणजे तीन सॉसच्या बाटल्या आणि मसाल्याचं पाकीट, हे डोक्यातून काढा. ते आणून आपण घरी गाडी लावतो, आणि खरं सांगायचं तर गाडीवाल्यासारखी आच इंडक्शनवर मिळतच नाही. त्यापेक्षा गाडीवरचं गाडीवरच खा आणि घरी घरातलं करा. ज्यांच्याबद्दल आपण इतक्या ठामपणे बोलतो, ते रात्री दमून आल्यावर काय खातात हे एकदा करून तर बघा.

आमच्याकडे टोमॅटो-अंडं आता दर पंधरा दिवसांनी होतं. गाडीवरच्या एका ट्रिपलच्या पैशात तिघी-चौघी जेवतो. इंफाळच्या मैत्रिणीने पहिला घास घेऊन विचारलं, ''हळद?'' मी म्हटलं, ''शप्पथ नाही.'' पुढच्या रविवारी तिची पाळी आहे. ती इरोम्बा करणार आहे. सुकवून मुरवलेली मासळी घरून आलीय, वास अख्ख्या मजल्यावर जाईल असं तिने आधीच बजावलंय. भात मी लावणार आहे.