जिवाचे मोल कोणत्या मापाने?

१९६३ च्या जुलै महिन्यात औरंगाबादच्या सरकारी प्रसूतिगृहात एक स्त्री बाळंत झाली. तीन दिवसांनी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात टॉवेल राहिला, आणि तो काढेपर्यंत फार उशीर झालेला होता. २४ जुलै रोजी ती दगावली. पती आणि मुलांनी सरकारविरुद्ध दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने तेही काढून घेतले. इस्पितळ चालविणे हे सरकारचे सार्वभौम कार्य, त्यातील चुकीची जबाबदारी सरकारवर टाकता येत नाही, असे कारण देण्यात आले. अखेर १९९६ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे तर्कट फेटाळले आणि ३६ हजारांचा हुकूमनामा पुन्हा उभा केला. त्या बाळंतपणात जन्मलेले मूल तोवर तेहतीस वर्षांचे होत आले होते.

या निकालाशेजारी दुसरा एक निकाल ठेवून पाहावा. अमेरिकेत स्थायिक झालेली, बालमानसशास्त्राचे शिक्षण घेतलेली एक तरुण स्त्री १९९८ मध्ये सुटीसाठी कलकत्त्यास आली असता औषधांच्या चुकीच्या योजनेमुळे दगावली. तिच्या पतीने पंधरा वर्षे चिवटपणे लढा दिला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई, व्याज वेगळे, मंजूर केली. देशातील वैद्यकीय हलगर्जीपणाच्या दाव्यांत तोवर एवढी रक्कम कोणाला मिळाली नव्हती. या लढ्याबद्दल आदरच वाटला पाहिजे. परंतु रकमेची फोड डोळे उघडणारी आहे. पाच कोटी बहात्तर लाख रुपये तिच्या बुडालेल्या उत्पन्नापोटी. तिने भोगलेल्या यातनांपोटी दहा लाख. सहवासाच्या हानीपोटी पतीला एक लाख.

दोन्ही मृत्यू हलगर्जीपणाचे. दोन्ही घरांत राहिलेली पोकळी सारखीच. मग फरक कशाचा? काळाचा काही, रुपयाच्या घसरणीचा काही, हे मान्य. परंतु मुख्य फरक मापाचा आहे. आपली न्यायव्यवस्था भरपाई ठरविताना गेलेल्या माणसाचे मोल त्याच्या मिळकतीच्या मापाने मोजते. या मापाचे मूळ, त्याचे परिणाम आणि त्याला असलेला पर्याय यांचा विचार समाजवादी कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

मूळ जुने आहे. इंग्लंडमध्ये आगगाड्या धावू लागल्या, अपघात वाढले आणि १८४६ मध्ये तेथे प्राणघातक अपघातांच्या भरपाईचा कायदा झाला. त्याचीच आवृत्ती कंपनी सरकारने १८५५ मध्ये येथे आणली. मृत्यूमुळे वारसांचे जे नुकसान झाले त्याच्या प्रमाणात भरपाई द्यावी, असे तो कायदा सांगतो. आणि नुकसान म्हणजे पैशाचे नुकसान. कमावता मेला तर कमाई बुडाली, कमाई नसेल तर बुडाले काय, असा हा हिशेब. पुढे मोटार अपघातांच्या दाव्यांत या हिशेबाचे कोष्टक झाले. वार्षिक उत्पन्न घ्यायचे, त्यातून मृताचा स्वतःचा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये हे गुणक निश्चित केले. वैद्यकीय दाव्यांत हे कोष्टक जसेच्या तसे बंधनकारक नाही, असे न्यायालयाने २०१३ च्या त्या निकालातच म्हटले. पण उत्पन्नाचे माप तेथेही सुटले नाही.

हिशेब प्रत्यक्षच करून पाहू. समजा, इचलकरंजीतील एक यंत्रमाग कामगार आणि कोल्हापुरातील एक बँक अधिकारी एकाच रुग्णालयात, एकाच डॉक्टरच्या हातून, एकाच चुकीमुळे दगावले. दोघेही बत्तीस वर्षांचे, दोघांमागे चार-चार माणसे. कामगाराचे उत्पन्न महिना १५ हजार, अधिकाऱ्याचे दीड लाख. एकचतुर्थांश वजा करून सोळाच्या गुणकाने गुणले की कामगाराच्या घरी येतात २१ लाख ६० हजार आणि अधिकाऱ्याच्या घरी २ कोटी १६ लाख. या गणितात सर्वांना समान असा काही भाग आहे काय? आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघातांसाठी ठोक रकमा ठरवून दिल्या: जोडीदाराच्या सहवासाच्या हानीपोटी ४० हजार, मालमत्तेच्या हानीपोटी १५ हजार, अंत्यविधीसाठी १५ हजार. एकूण ७० हजार. दर तीन वर्षांनी त्यात दहा टक्के वाढ. माणूस म्हणून माणसाची किंमत ७० हजार, बाकी सारे पगारपत्रकाचे!

आणि ज्याच्यापाशी पगारपत्रकच नाही त्याचे काय? मोटार कायद्याच्या १९९४ च्या कोष्टकात न कमावणाऱ्या माणसाचे उत्पन्न वर्षाला १५ हजार धरले होते आणि घर सांभाळणाऱ्या पत्नीचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नाच्या एकतृतीयांश. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे मोल तिच्या नवऱ्याच्या पगारावरून काढायचे! शिरगणतीत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसविले जाते, याबद्दल सर्वोच्च न्यायालयानेच २०१० मध्ये खंत व्यक्त केली. खंत व्यक्त झाली. माप बदलले नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांना याचे उत्तर दुरून शोधावे लागणार नाही. दर हंगामात बीडकडची जोडपी या जिल्ह्यात ऊसतोडीला येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल मुकादमाकडून घ्यायची, ती नवऱ्याच्या नावावर. बाईने मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहिल्या, गाडी भरली, तरी तिच्या मजुरीची स्वतंत्र नोंद कोठेही नाही. याच स्त्रियांच्या गर्भपिशव्या खाजगी रुग्णालयांत गरज नसताना काढल्या जात असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यांतील एखादी स्त्री उद्या न्यायालयाची पायरी चढली, तर तिला पहिला प्रश्न विचारला जाईल तो उत्पन्नाच्या पुराव्याचा. अर्ध्या कोयत्याचा दाखला तिने कोणाकडून आणावा?

बरे, दावा लावण्याचे दार तरी सर्वांना सारखे उघडे आहे काय? १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा वैद्यकीय सेवेला लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी दिला, आणि दिवाणी न्यायालयातील वर्षानुवर्षांच्या हेलपाट्यांऐवजी रुग्णाला एक सोपी वाट मिळाली. त्या निर्णयाचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्याच निर्णयाने एक उंबरठाही घातला. जे रुग्णालय सर्वांनाच विनामूल्य सेवा देते, तेथील रुग्ण ग्राहक नव्हे. केस-पेपरपुरते घेतलेले नाममात्र शुल्क हा सेवेचा मोबदला मानायचा नाही. उलट ज्याचे बिल विमा कंपनी भरते, तो मात्र ग्राहक. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला लोक अजून ‘थोरला दवाखाना’ म्हणतात. जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांतून, शेजारच्या सिंधुदुर्गातून, सीमाभागातून गोरगरीब तेथे येतात, कारण दुसरीकडे जाण्याची त्यांची ऐपत नसते. अशा रुग्णावर हलगर्जीपणाचा प्रसंग गुदरला, तर आपण ग्राहक आहोत की नाही, हीच लढाई त्याला आधी लढावी लागते. नाही ठरला तर त्याच्यासाठी दिवाणी न्यायालय आहेच: औरंगाबादच्या कुटुंबाने पाहिले तेच.

सरकारी इस्पितळाला जबाबदार धरताच येत नाही असे मात्र नाही. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये अपुऱ्या दिवसांची जन्मलेली एक मुलगी वेळेवर डोळ्यांची तपासणी न झाल्याने आंधळी झाली. राष्ट्रीय आयोगाने पाच लाख दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख रुपये मंजूर केले, आणि ते देताना पुढील आयुष्यभराच्या उपचारांचा खर्च व महागाई हिशेबात धरली. येथे न्यायालयाने त्या मुलीची भविष्यातील गरज पाहिली. वेगळे माप वापरता येते, याचा हा पुरावा आहे.

या भूमिकेवर दोन आक्षेप येतात. पहिला आक्षेप अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला: भरपाई म्हणजे झालेल्या नुकसानीची भरपाई, जास्त मिळकत बुडाली तर जास्त भरपाई, यात अन्याय कोठे? उत्तर त्याच शास्त्रात आहे. भरपाईचा दुसरा हेतू हलगर्जीपणाला आळा घालणे हा असतो. चुकीची किंमत जेथे जास्त तेथे काळजी जास्त, जेथे कमी तेथे काळजी कमी, हे तर बाजाराचेच तत्त्व. मग उत्पन्नाच्या मापाने रुग्णालयाला मिळणारा संदेश कोणता? श्रीमंताच्या खाटेपाशी जपून वागा, गरिबाच्या खाटेपाशी चूक स्वस्त पडते! शिवाय आजची मिळकत हीच मुळात विषम समाजरचनेची निष्पत्ती आहे. मालकाने मजुरी मारली म्हणून जिवंतपणी ज्याचे नुकसान झाले, त्याचे मृत्यूनंतर त्याच आधारावर पुन्हा नुकसान करणे याला भरपाई म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या संघटनांचा. रकमा वाढल्या तर डॉक्टर धास्तावतील, अनावश्यक तपासण्या लिहून देतील, अत्यवस्थ रुग्ण नाकारतील, विम्याचे हप्ते वाढतील आणि ते शेवटी रुग्णाच्याच बिलात चढतील. या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते झटकून टाकणे बेजबाबदारपणाचे ठरेल. तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालविणारा डॉक्टर आणि भागधारकांना नफा वाटणारी रुग्णालय-कंपनी यांना एका तराजूत घालता येणार नाही. परंतु यातून निघणारा निष्कर्ष गरिबाला कमी द्या असा नसून, भरपाईचा सारा भार खटल्यांवर टाकू नका, असा आहे.

न्यूझीलंडने हेच केले. न्यायमूर्ती वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ मध्ये अपघाताची जोखीम सबंध समाजाने उचलावी असे प्रतिपादन केले, आणि १ एप्रिल १९७४ पासून तेथे कोणाची चूक हे सिद्ध न करता सार्वजनिक निधीतून भरपाई मिळू लागली. उपचारांमुळे झालेल्या इजाही त्यात येतात. स्वीडनने १९७५ मध्ये रुग्णविम्याची व्यवस्था केली. न्यूझीलंडमध्येही बुडालेल्या मिळकतीचा ऐंशी टक्के भाग दिला जातो, म्हणजे उत्पन्नाचे माप तेथेही पुरते हटलेले नाही; पण उपचार आणि पुनर्वसन सर्वांना मिळते, आणि त्यासाठी तेहतीस वर्षे थांबावे लागत नाही. दोषी डॉक्टरला शासन करणे आणि पीडिताला सावरणे ही दोन कामे तेथे वेगळी केली आहेत.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. सरकारी रुग्णालयातील विनामूल्य रुग्णालाही ग्राहक आयोगाइतकेच सोपे व स्वस्त न्यायपीठ मिळाले पाहिजे. जिवाच्या हानीपोटी आणि यातनांपोटी द्यायची मूळ रक्कम सर्वांना समान आणि भरीव असली पाहिजे. उत्पन्नाचा हिशेब करायचाच तर किमान वेतनाच्या खाली कोणाचेही उत्पन्न धरू नये, घरकामालाही तेच लागू व्हावे, आणि वरही मर्यादा असावी. उपचारांचा व शुश्रूषेचा खर्च गरजेप्रमाणे मिळावा. आणि राज्याने रुग्णहानी निधी उभारावा. त्यात मोठ्या खाजगी रुग्णालयांच्या उलाढालीवरील अधिभार आणि सरकारचा वाटा असावा.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्याने हात बांधून बसायचे नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाचे कागदपत्र देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. तो अर्ज पहिल्या दिवशी लिहून द्यावा. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, हे वस्तीवस्तीत सांगावे. स्त्रिया, दलित आणि आदिवासी यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेसाहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आहे. त्यासाठी वकिलांनी आणि जनतेने वर्षानुवर्षे आंदोलन केले. मुंबईचा प्रवासखर्च वाचला, हे खरे. परंतु जवळ आलेल्या त्या दारात इचलकरंजीच्या कामगाराचे आणि ऊसतोड बाईचे प्रकरण उभे राहिले, तरच त्या आंदोलनाचे चीज झाले असे म्हणता येईल. ती प्रकरणे तेथवर नेण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.