शटरची मोटर हलतेय? नट आवळण्याआधी भिंत बघा

लावणी उरकली, कापणीला अजून वेळ आहे. म्हणून आज भाताबद्दल नाही, भात ज्या शेडमध्ये ठेवतो तिच्या शटरबद्दल लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. मोटरची प्लेट ढिली झाली की पाना घेऊन नट आवळायचा आणि विषय संपवायचा, ही सवय सोडायला पाहिजे. भाताचं पान पिवळं पडलं म्हणून आपण लगेच युरिया फेकत नाही. पाणी साचलंय का, मूळ कुजलंय का, ते चूड उपटून बघतो. शटरला मात्र कोणी बघत नाही.

आपल्या भिवंडी तालुक्यात हा प्रश्न जास्त आहे, त्याला कारण आहे. माणकोली, वळ, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली. गोदाम मोडलं किंवा बदललं की जुनं शटर मोटरसकट भंगारात येतं आणि तिथून आपल्या शेडला लागतं. माल चांगला असतो, स्वस्तही पडतो. पण गोदामात ती प्लेट आरसीसीच्या नाहीतर लोखंडी खांबावर बसवलेली होती. आपल्याकडं तीच प्लेट सिपोरेक्सच्या किंवा पोकळ ब्लॉकच्या भिंतीवर बसते. वजन तेवढंच, आधार मात्र निम्मासुद्धा नाही.

वजनाचा हिशेब करून बघा. १२ बाय १२ फुटांचं १८ गेजचं शटर घेतलं, तर नुसता सपाट पत्राच सव्वाशे किलो भरतो. पट्ट्यांचे वळसे आणि खालची पट्टी धरली की दीडशेच्या पुढं जातं. म्हणजे भाताची तीन पोती दरवाजाच्या डोक्यावर टांगलेली. दुकानाच्या लहान शटरमध्ये स्प्रिंग असते, ती बराच भार घेते. मोठ्या शटरला साइड मोटर असेल तर बहुतेक वेळा स्प्रिंग नसतेच. सगळा भार शाफ्ट, चेन आणि त्या प्लेटवर.

आता खरी भीती कुठं आहे ते समजून घ्या. शटर वर धरून ठेवणारा ब्रेक मोटरच्या आत असतो. ब्रेक आणि शटर यांच्यामध्ये फक्त एक चेन. प्लेट हलली की मोटर सरकते, चेन सैल पडते आणि दात्यावरून उडी मारते. चेन पूर्ण निसटली तर ब्रेक कितीही चांगला असो, शटर खाली येणारच. पडणारं शटर धरणारा वेगळा सेफ्टी ब्रेक मिळतो, पण जुन्या शटरला तो असेलच असं नाही. खाली ट्रॅक्टर असतो, पोतं घेतलेला माणूस असतो, सुट्टीत पोरं खेळत असतात. म्हणून हे ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणायचं काम नाही.

आमच्या शेडची प्लेट गेल्या पावसाळ्यात खडखड करायला लागली. कारागीर आला, नट आवळले, पैसे घेतले, गेला. पंधरा दिवसांत पुन्हा तोच आवाज. तेव्हा साधी युक्ती केली, ती तुम्हीही करा. ऑइल पेंटनं दोन रेघा मारायच्या. एक नटावरून सरळ प्लेटवर येणारी. दुसरी प्लेटच्या कडेवरून भिंतीवर जाणारी. आठ दिवस शटर नेहमीसारखं वापरायचं आणि मग बघायचं.

नटाची रेघ तुटली, म्हणजे नट फिरतोय. स्प्रिंग वायसर किंवा नायलॉक नट टाका, बहुतेक काम होतं.

नटाची रेघ शाबूत, पण भिंतीवरची सरकली, म्हणजे भोक मोठं झालंय. इथं नट आवळणं म्हणजे भिंत अजून फोडणं. पोकळ ब्लॉक आणि सिपोरेक्समध्ये फुगणारा फास्टनर टिकत नाही, तो फुगतानाच ब्लॉक तडकवतो. आमची हीच गत होती.

यावर दोनच उपाय मला पटतात. भिंत धड असेल तर १२ मिलीचा थ्रेड रॉड आरपार घालून पलीकडून ६ मिलीची मोठी लोखंडी प्लेट आणि डबल नट. भिंतीला तडे असतील तर तिचा नादच सोडा. जमिनीपासून वरच्या बीमपर्यंत चॅनलचा खांब उभा करा आणि प्लेट त्याला बोल्टनं बसवा. भार सरळ जमिनीत जातो. आम्ही खांब घातला.

पण तेवढ्यावर थांबू नका. मोटरची लाइन बंद करून हाताच्या साखळीनं शटर वर-खाली करून बघा. जिथं अडकतं तिथं गाईडची पट्टी वाकलेली असते नाहीतर पेंढा-माती अडकलेली असते. लिमिट स्विचही बघा. शटर वर जाऊन धडकल्यावर मोटर बंद होत असेल, तर प्रत्येक वेळी तो हिसका प्लेटलाच बसतो. लिमिट सुधारलं नाही तर नवा खांबही कुरकुरायला लागेल.

एक इशारा. प्लेट काढायची असेल तर शटर पूर्ण खाली, मेन स्विच बंद आणि शाफ्टला दोन्ही बाजूंनी पक्का टेकू. स्प्रिंगचं शटर असेल तर ब्रॅकेटला हातच लावू नका. शटर खाली असताना स्प्रिंगला पीळ सगळ्यात जास्त असतो. तिथं जाणता माणूसच पाहिजे. आणि गंजलेल्या बोल्टवर वेल्डिंगचा टाका मारू देऊ नका. त्यानं आवाज बंद होतो, भिंत तशीच राहते.

कारागिरांबद्दल तक्रार नाही. गोदामांची मोठी कामं सोडून तो आपल्या एका शटरसाठी येतो, त्याला घाई असणारच. पण पैसे देण्याआधी विचारायचं: भार कुठं जातोय? पलीकडून प्लेट आहे का? लिमिट तपासलं का? चेनचा ताण बघितला का? चार प्रश्नांना दोन मिनिटं लागतात.

आणि कृषी खात्यातल्या, विद्यापीठातल्या मंडळींना एक विनंती. भात १४ टक्क्यांच्या आत सुकवून साठवा, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत, आम्ही ते पाळतो. पण प्लेट एका बाजूनं खचली की शाफ्ट तिरका होतो आणि शटर जमिनीला एकाच बाजूनं टेकतं. दुसरीकडं अर्ध्या इंचाची फट राहिली तरी उंदीर आत आलाच, पावसाची झडही आली. साठवणुकीच्या सल्ल्यात शेडच्या दरवाजासाठी दोन ओळी घाला. सुकवलेलं धान्य शेवटी त्याच दरवाजाच्या भरवशावर असतं.

तोवर मंडळी, आज संध्याकाळी शेडवर गेलात की त्या दोन रेघा मारा. आठ दिवसांनी काय दिसलं ते खाली कळवा, फोटो टाकलात तर अजून बरं.