टाकीतले शेवाळ आणि अब्बांची चिमूट



आमच्या बैठकीच्या खोलीत १२० लिटरची काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. कोल्हापुरात समुद्र कुठला? पण माझे दीर रत्नागिरीला नोकरीला आहेत. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत त्यांनी माझ्या थोरल्याला तिथले मत्स्यालय दाखवले. १९५८ साली सुरू झालेल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे ते मत्स्यालय. पोरगा तिथून आला तो समुद्र डोक्यात घेऊनच. चाचांनी हौसेने टाकी घेऊन दिली. टाकीसाठीचे खास मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम या प्रमाणात कालवायचे, दगड रचायचे आणि त्यात नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउन मासे. घरादाराला लळा लागला.

गेल्या वर्षी त्या दगडांवर हिरवे केस उगवू लागले. आधी बोटाच्या पेराएवढे, मग वीतभर. काच पुसावी तर चार दिवसांत पुन्हा हिरवी. दुकानदाराने उपाय सांगितला, "एक यलो टँग सोडा. शेवाळ खाऊन महिन्यात टाकी लख्ख करतो." किंमत पाच आकडी. थोरल्याकडे तीन वर्षांची ईदी साठवलेली होती. तो डबा घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

मी भाषेची शिक्षिका. उर्दू-मराठी शिकवते, मासे नव्हे. पण मुलांना एक सवय लावली आहे, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचायचा. म्हटले, "घेऊ. पण आधी तो मासा कोण, कुठला, ते वाचून मला सांग."

आठ दिवसांनी त्याने वहीच पुढे केली. यलो टँग हवाई बेटांजवळच्या प्रवाळांवर दिवसभर फिरून चरणारा मासा. वीतभर वाढतो. त्याला किमान चारशे लिटरची टाकी लागते. आमच्या टाकीत तो कोंडून आजारी पडला असता. छोट्या टाकीसाठी ब्लेनी नावाचा एक ठेंगणा मासा असतो, त्याला 'लॉनमोअर' म्हणजे गवत कापणारा म्हणतात. तो कंगव्यासारख्या दातांनी दगडावरचा पातळ थर खरवडतो, पण वीतभर वाढलेल्या केसांना सहसा तोंड लावत नाही. आणि खाण्याजोगे संपले की उपाशी मरतो. लाल-जांभळा बुळबुळीत थर दिसला तर ते शेवाळ नसून जिवाणू असतात. त्यावर कुठल्याच माशाचा भरवसा धरता येत नाही.

वहीच्या शेवटी त्याने एक ओळ लिहिली होती, ती मला फार आवडली: "मासा शेवाळ खातो, पण मासा शी पण करतो." खरेच आहे. शेवाळ वाढते ते पाण्यातल्या नायट्रेट आणि फॉस्फेटवर. ही खते येतात माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून आणि आपण ओततो त्या पाण्यातून. माशाने शेवाळ खाल्ले तरी त्यातले बरेचसे खत पुन्हा पाण्यातच येते. टाकीबाहेर ते जाते शेवाळ हाताने उपटून फेकले तर, किंवा पाणी बदलले तर.

म्हणून मासे निरुपयोगी, असे मात्र नाही. कॅरिबियन समुद्रात १९८३-८४ मध्ये काळ्या लांब काट्यांचे सागरी साळिंदर एका रोगाने नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच पकडून संपवले होते, १९८० चे मोठे वादळही होऊन गेले होते. आता चरायला कोणीच उरले नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या तळाचा जवळपास निम्मा भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता, तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्याही खाली आला. बाकी सगळे शेवाळ. चरणारे हवेतच. पण ते राखण करतात, आपली चूक निस्तरत नाहीत.

मग आम्ही चुका शोधल्या. पहिली चूक पाण्याची. टाकीतले पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची घट गोड्या पाण्याने भरायची असते. आम्ही बोअरचे पाणी ओतत होतो, त्यातले क्षार आणि नायट्रेट साठत गेले. आता आरओचे पाणी वापरतो. दुसरी चूक दिव्याची. तो बारा-बारा तास जळायचा, आता सात तास. दर जुम्याला सुट्टीनंतर थोरला जुन्या टूथब्रशने दगड घासतो, शेवाळ उपटून बादलीत टाकतो आणि दहावा हिस्सा पाणी बदलतो.

चाचणीच्या रंगपट्टीवर नायट्रेट चाळीसवरून वीसवर आले. पोरगा खूश. पण पंधरा दिवसांत पुन्हा चाळीस! त्याने धाकटीला धरले, "तूच खाद्य टाकतेस." ती रडून लाल. घरात दोन दिवस अबोला.

तिसऱ्या दिवशी फजरनंतर मी चहा ठेवायला उठले, तर टाकीजवळ अब्बा, म्हणजे माझे सासरे. हातात खाद्याचा डबा. चिमूट टाकत होते आणि माशांशी हळू आवाजात बोलत होते. मला पाहून हसले. "बघ ना, मला पाहिलं की काचेशी येतात. उपाशी असतील बिचारे." क्लाउन मासे कोणालाही पाहून काचेशी येतात, भूक असो वा नसो. पण मी काय बोलणार? सासूबाई जाऊन तीन वर्षे झाली. सकाळी त्या आणि अब्बा बैठकीत बसून चहा घ्यायचे. आता त्या वेळी त्यांच्याकडे वळून कोण येते? हे दोन मासे.

थोरल्याला सांगितले तर तो उसळला. "अम्मी, दादाजानला सांगून टाक ना, टाकू नका म्हणून!" मी म्हटले, "आधी धाकटीची माफी माग. दादाजानचं आपण बघू."

अब्बांची औषधाची सात कप्प्यांची डबी असते. तशीच दुसरी आणली. थोरल्याने सात दिवसांचे खाद्य मोजून सात कप्प्यांत भरले, दोन मिनिटांत फस्त होईल एवढेच, आणि डबी आजोबांच्या हातात दिली. "दादाजान, मला शाळेच्या गडबडीत जमत नाही. आजपासून खाद्य फक्त तुम्हीच द्यायचं. एक दिवस, एक कप्पा." अब्बांनी डबी दोन्ही हातांनी घेतली. मोठा डबा कपाटात गेला, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

तीन महिन्यांत नायट्रेट दहावर आले. केस विरळ झाले. थोडी हिरवळ आहे, आणि ती असावीच. समुद्रातही असते. आता चार टर्बो गोगलगायी आणल्या आहेत, त्या काचेवर फिरत उरलेसुरले खातात. ईदीचा डबा अजून भरलेला आहे. आणि ज्याची मला कल्पनाही नव्हती तो फायदा असा की, माशांचा कप्पा उघडताना अब्बांना स्वतःचाही कप्पा आठवतो. रक्तदाबाची गोळी आता चुकत नाही.

परवा सगळे रंकाळ्यावर फिरायला गेलो होतो. कडेचे पाणी हिरवेगार, वास येत होता. धाकटीने विचारले, "दादाजान, इथं शेवाळ खाणारा कुठला मासा सोडायचा?" अब्बांनी जरा विचार केला. म्हणाले, "बेटी, आधी विचार, याला रोज खाऊ कोण घालतंय." वर्षानुवर्षे या तलावात सांडपाणी मिसळत आले आहे, आणि त्यात आपल्याही मोऱ्यांचा वाटा असणार. तिथे सात कप्प्यांची डबी कोणाच्या हाती द्यायची, हे मला अजून सुचलेले नाही. तुम्हाला सुचले तर जरूर कळवा.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.