आवाज क्लचचा, दोष कुणाचा?



गेल्या हंगामात वजनकाट्यापुढच्या रांगेत उभा राहून मी एका दुकानदाराला आणि एका मिस्त्रीला चार माणसांदेखत चोर म्हणालो. दोघेही तिथे हजर नव्हते. पुढे कळून आले की चूक माझीच होती. मी बोललो ते रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले, तेव्हा चूकही सगळ्यांसमोरच कबूल करावी, म्हणून या अंकात जागा मागून घेतली. माझ्या कबुलीपेक्षा त्यातून निघालेली गोष्ट आपल्या सर्वांच्या उपयोगाची आहे.

माझा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीच्या करारावर चालतो. मोळी टाकायच्या आधी क्लच घसरू लागला होता. मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या आणि समोर चढ आला की इंजिन नुसते ओरडायचे, चाक काही पुढे सरकायचे नाही. तेव्हा ट्रॅक्टर मधोमध उघडून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सगळा सेट नवीन टाकला. ट्रॅक्टर जोडून झाल्यावर मी पेडल दाबून बघितले, तर ते मला सैल वाटले. मी म्हटलं, "मिस्त्री, पेडल लई ढिलं लागतंय, जरा ताठ करा." तो म्हणाला, "मालक, थोडं मोकळं असू द्या, ते लागतं." मी काही ऐकले नाही. पैसे माझे, ट्रॅक्टर माझा! त्याने मुकाट्याने दांडीचा नट आवळून दिला.

पंधरा दिवसांनी न्यूट्रलमध्ये उभ्या ट्रॅक्टरमधून 'किर्र' असा बारीक आवाज येऊ लागला. पेडल थोडे दाबले की आवाज बदलायचा. मी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने लांबूनच ऐकून निकाल दिला, "माल डुप्लिकेट हाय, उघडावं लागंल." झालं! मी रांगेत बोलून मोकळा झालो आणि ट्रॅक्टर पुन्हा उघडला. प्लेट ठणठणीत होती. तरी मनाची समजूत म्हणून रिलीज बेअरिंग नवीन टाकले. जोडताना मीच सांगितले, पेडल होते तसेच ताठ ठेवा. दोन दिवस शांत गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा किर्र!

भाग बदलला, कारण तसेच राहिले. आपल्याकडे म्हणतात ना, आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

शेवटी यार्डात उभे असताना एका जुन्या ड्रायव्हर तात्यांनी विचारले, "पायाचा अंगठा पेडलखाली घालून वर उचलून बघितलं का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी स्वतः चढून पेडल वर उचलले. आवाज बंद! सोडले, आवाज चालू! मग दांडीचा नट सैल करून पेडलला पुस्तकात दिली आहे तेवढी मोकळीक दिली. अर्ध्या तासाचे काम. बेअरिंग अजून फार तापले नव्हते, म्हणून वाचले. ट्रॅक्टर उरलेला हंगाम बिनबोभाट चालला.

असे का झाले ते समजून घेऊ या. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते आणि प्रेशर प्लेटच्या फिंगरवर दाब देते. पाय काढला की ते फिंगरपासून थोडे मागे राहिले पाहिजे. ही मोकळीक म्हणजेच फ्री प्ले. बहुतेक ट्रॅक्टरांना पेडलपाशी ती इंचभराच्या आसपास असते, नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. प्लेट झिजत जाते तशी फिंगर बेअरिंगकडे सरकतात आणि मोकळीक कमी होते. नवीन प्लेट टाकली की फिंगर पुन्हा दूर जातात, त्यामुळे पेडल सैल वाटते. म्हणून नव्या क्लचवर दांडी नव्याने जुळवावीच लागते, पण जुळवणे म्हणजे आवळून ताठ करणे नव्हे. मोकळीक शून्य केली की बेअरिंग सतत फिंगरला घासत फिरते. थोड्या दिवसांत नवी प्लेट बसते, फिंगर आणखी मागे येतात आणि घासणे वाढते. आधी आवाज येतो, मग बेअरिंग जळते, आणि दुर्लक्ष केले तर भाराखाली नवी प्लेटसुद्धा घसरू लागते.

आता कुणी म्हणेल, तुमच्या ट्रॅक्टरचे पुराण आम्हाला कशाला? त्याचे उत्तर असे. माझा ट्रॅक्टर तीन दिवस उघडा पडला होता, त्या दिवसांत फडावर टोळी बसून होती. मुकादम माझ्याकडे बघत होता, चिटबॉय रोज चकरा मारत होता. एका लहान सभासदाचा तोडलेला ऊस दोन दिवस फडात वाळला. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळला जावा, हे आपल्याला शेतकी खाते नेहमी सांगते. उशीर होतो तसे वजन घटते आणि साखरही उतरते. ती घट त्या सभासदाच्या खात्यावर पडली, माझ्या नाही. त्यातून आपल्या राज्यात तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीमधूनच वजा होतो. वाहतूक महाग पडली तर भुर्दंड शेवटी ऊस उत्पादकालाच. तेव्हा एका ट्रॅक्टरचा क्लच ही एका मालकाची खाजगी बाब राहत नाही.

आमचे वडील बैलगाडीने ऊस टाकायचे. गाडीच्या आखाला वंगणाचा नळा बांधलेला असायचा. वाटेत चाक कुरकुरले की ते गाडी थांबवायचे, कुठले चाक, कुठल्या बाजूला, हे कान देऊन बघायचे आणि मगच वंगण घालायचे. कुरकुर ऐकून नवे चाक आणायला कुणी सुताराकडे धावत नसे. ट्रॅक्टर आले, कान मात्र आपण घरी ठेवला.

माझे म्हणणे एवढेच : नवीन क्लचचा आवाज आला तर आधी ऐका, मग उघडा, आणि दोष कुणाला द्यायचा तो सर्वांत शेवटी. ऐकायचे कसे, तेही लिहितो. जीप असो वा मोटार, क्लचच्या आवाजाची मूळ रीत हीच. मात्र बऱ्याच नव्या मोटारींत बेअरिंग फिंगरला कायम टेकूनच फिरण्यासाठी बनवलेले असते. तिथे मोकळिकीचा नियम लावू नये, पुस्तिका बघावी. तपासताना हातब्रेक लावा, पीटीओ बंद ठेवा, ट्रॅक्टर सपाटीवर घ्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मध्ये किंवा समोर कुणाला उभे राहू देऊ नका.

पहिली परीक्षा : इंजिन बंद करा आणि पेडल दाबून सोडून बघा. तेव्हाही करकर येत असेल तर ती पेडलच्या बुशाची, दांडीच्या सांध्याची किंवा फोर्कच्या शाफ्टची आहे. बाहेरच्या सांध्यांना तेल-ग्रीस द्या. त्यासाठी ट्रॅक्टर उघडायची गरज नाही.

दुसरी : इंजिन चालू, न्यूट्रल, पाय काढलेला. आवाज येतो? तात्यांनी केले तसे पेडल वर उचला. आवाज थांबला किंवा बदलला तर मोकळीक संपली आहे, नाही तर पेडल मागे ओढणारी स्प्रिंग थकली किंवा तुटली आहे.

तिसरी : पेडल वर उचलून फरक पडत नाही, पण पूर्ण दाबून थोडे थांबले की आवाज बंद होतो. मग संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर घ्यावा. क्लच सुटला की ती शाफ्ट थांबते, म्हणून आवाजही थांबतो. हे बेअरिंग बहुधा आधीपासूनच गेलेले असते. जुन्या क्लचच्या खडखडाटात ते ऐकू येत नाही, नव्या क्लचच्या शांततेत उघडे पडते, आणि बिचाऱ्या नव्या प्लेटवर आळ येतो.

चौथी : पाय काढलेला असताना शांत, पण मोकळीक संपून पेडलला भार लागला की घरघर सुरू. हे रिलीज बेअरिंगचे लक्षण.

पाचवी : पेडल पूर्ण दाबून गिअर टाकलेला असतानाच आवाज येतो आणि पेडल सोडल्यावर जातो. फ्लायव्हीलच्या मधोमध छोटे पायलट बेअरिंग असते, ते बघावे. फ्लायव्हील फिरते आणि शाफ्ट उभी राहते, तेव्हाच त्या बेअरिंगवर काम पडते.

पेडल सोडताना ट्रॅक्टर थरथरत असेल तर तो प्रकार निराळा. प्लेटला तेल किंवा ग्रीसचा हात लागला असेल, ऑइल सील गळत असेल, नाही तर फ्लायव्हीलचा चेहरा तापून निळा पडला असेल. पीटीओसाठी डबल क्लच असलेल्या ट्रॅक्टरला फिंगरचे दोन संच असतात. त्यांची जुळणी मापाशिवाय करू नये, जाणत्या माणसाकडेच द्यावी.

चौथी-पाचवी लक्षणे पक्की दिसली किंवा धातू घासल्यासारखा खरखराट येत असेल, तर उघडण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा मात्र कंजुषी नको. उघडलेच आहे तर पायलट आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग हाताने फिरवून बघा, सील बघा, फ्लायव्हील घासून घ्यायचे की नाही ते ठरवा, प्लेटची बाजू उलटी बसत नाही ना याची खात्री करा. जुने भाग मागून घ्या, नव्या भागाचा खोका आणि पावती जपून ठेवा. बाजारात डुप्लिकेट माल नाही, असे मी म्हणत नाही. तो आहे, आणि सापडला तर दुकानदाराला जाब जरूर विचारा. पण जाब विचारताना हातात पावती पाहिजे आणि पदरात तपासणी पाहिजे. माझ्याकडे दोन्ही नव्हते, नुसते तोंड होते.

आणखी एक गोष्ट ड्रायव्हर मंडळींसाठी. यार्डात रांग पुढे सरकण्याची वाट बघताना कित्येक जण गिअर टाकून, पेडल दाबून मिनिटेच्या मिनिटे बसतात. वाटेने जाताना पाय पेडलवरच टेकवलेला असतो. नवा क्लच अशानेच म्हातारा होतो. थांबलात की न्यूट्रल करा आणि पाय खाली ठेवा. याला पैसा लागत नाही.

आता आपली सवय कशी आहे बघा. मिस्त्रीने ट्रॅक्टर उघडला, चार भाग बदलले, की आपण खळखळ न करता पैसे मोजतो. त्याने अर्धा तास कान लावून "काही उघडू नका, नट सैल करा" असे सांगितले तर आपण म्हणतो, यात काय केलंस? मग तो उघडायलाच सांगणार! ऐकण्याचे पैसे देण्याची दानत आपण दाखवली पाहिजे. तात्यांना मी पैसे देऊ लागलो तर त्यांनी चहावर भागवले, तो त्यांचा मोठेपणा. सगळ्यांचे पोट मोठेपणावर भरत नाही.

कारखान्यालाही एक सूचना करावीशी वाटते. वाहतुकीचे करार होतात त्याच सुमारास प्रत्येक गट ऑफिसवर एक दिवस क्लच, ब्रेक आणि ट्रॉलीच्या हूकची तपासणी ठेवावी. कारखान्याच्या वर्कशॉपमधला एक जाणता माणूस त्या दिवशी द्यावा. कुठल्या ट्रॅक्टरला काय निघाले, याची एक साधी वही ठेवावी. काही सभासद म्हणतील, कारखाना म्हणजे काय गॅरेज आहे? गॅरेज नाही हे खरे. पण फडात वाळणारा ऊस आपला आहे आणि वजा होणारी वाहतूकही आपलीच. सहकारात एकाचा तोटा एकट्यापाशी थांबत नाही. हंगामाआधी एक दिवस घालवून हंगामातले चार दिवस वाचत असतील तर संचालक मंडळाने याचा जरूर विचार करावा.

राहिली माझी गोष्ट. त्या दुकानदाराकडे मी जाऊन आलो. तो हसला आणि म्हणाला, "पाहुणे, असं रोज ऐकतो." पहिल्या मिस्त्रीकडेही गेलो. तो हसला नाही. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि एवढेच विचारले, "आता पेडल मोकळं लागतंय का?" मी म्हटलं, लागतंय. यंदाही ट्रॅक्टर त्याच्याकडेच नेणार आहे, आणि तो सांगेल ते ऐकून घेणार आहे.



— एक ऊस उत्पादक सभासद