किल्लीऐवजीं आंकडे

घराची किल्ली कोणापाशीं असावी, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत कधींच क्षुल्लक नसतो. आमच्या घरीं गेल्या दिवाळीपासून किल्लीचें राज्य संपलें व दारास आंकड्यांचें कुलूप आलें. चार आंकडे दाबले कीं दार उघडतें. प्रथम आम्हीं सर्वांस मिळून एकच संकेतांक ठेविला. दोन महिन्यांत तो दूधवाल्यापासून सुताराच्या हाताखालच्या पोरापर्यंत सर्वतोमुखीं झाला!

तेव्हां धाकट्या चिरंजीवांनीं 'होम असिस्टंट' नांवाची, २०१३ सालीं सुरू झालेली मुक्तस्रोत संगणकप्रणाली घरांत बसविली. तिची रीत समजण्यास कठीण नाहीं. कुलुपाच्या पोटांत क्रमांकांचे कप्पे असतात. एका कप्प्यांत एका व्यक्तीचा संकेतांक. कोणता कप्पा कोणाचा, हें प्रणाली लक्षांत ठेविते. आंकडे मात्र खुद्द कुलुपांतच असतात आणि कुलूप सेलवर चालतें. म्हणून वीज वा इंटरनेट गेलें तरी दार अडत नाहीं. कामाच्या बाईंस सकाळीं आठ ते दहा, पाहुण्यांस चार दिवस, अशी मुदतही घालतां येते.

येथें दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. ही मुदत पुष्कळदां कुलूप पाळीत नसून प्रणाली पाळीत असते. ऐन वेळीं ती बंद असली, किंवा तिचा निरोप कुलुपापर्यंत पोंचला नाहीं, तर जुना आंकडा तसाच चालू राहतो. म्हणून आंकडा रद्द केल्यावर तो दारापाशीं जाऊन स्वतः दाबून पाहावा. दुसरें, चार आंकड्यांचे संकेतांक १०,०००च होतात, सहांचे १० लक्ष. तेव्हां सहा आंकडे बरे, आणि जन्मतारीख तर कधींच नको.

स्वतंत्र आंकड्यांमुळें कोण केव्हां आलें, याचीही नोंद होऊं लागली. पस्तीस वर्षें हजेरीपट भरलेल्या आमच्या हातास तो मोह आवरला नाहीं. एके रात्रीं धाकट्या सूनबाईस आम्हीं विचारलें, "मंगळवारीं तुला यावयास पावणेनऊ झाले, नाहीं का?"

ती शांतपणें म्हणाली, "होय, मामंजी. तुमच्या गोळ्या जवळच्या दुकानांत मिळाल्या नाहींत, म्हणून पुढें गेलें होतें."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याच गोळ्या आम्हीं त्या रात्रीं घेतल्या होत्या. शाळेंत हजेरी घ्यावीच लागते, कारण तेथें दुसऱ्यांचीं मुलें आपल्या हवालीं असतात. घरांत हजेरी घेणारा आपल्याच माणसांस परकें करतो.

दुसऱ्या दिवशीं घरच्यांच्या येण्याजाण्याची नोंद आम्हीं बंद करविली. मुदतीच्या आंकड्यांची तेवढी राहते. आणि ती राहते, हें कामाच्या बाईंसही सांगितलें आहे. ज्यांच्या घरीं असें कुलूप असेल त्यांनीं दरमहा पहिल्या तारखेस कप्पे तपासून, काम संपलेल्यांचे आंकडे पुसावे. घरच्या माणसास उशीर झाला, तर मात्र 'किती वाजले?' असें न विचारतां 'जेवण झालें का?' असें विचारावें.